थराखालची झीज

१

"नव्या वस्तू नासवून देतात हे," अशी फरशीवाल्याची ओळख त्याची बायको कुणालाही करून द्यायची. त्यात खोटं काही नव्हतं. लोक नवीकोरी फरशी आणायचे, हौसेने अंगणात बसवून घ्यायचे, आणि मग हा यायचा. तिच्या कडा दगडाने घासून बोथट करायचा. पातळ अ‍ॅसिडने तिची चकाकी मारायचा. तारेचा ब्रश फिरवायचा, काळपट भुकटी चोळायचा, आणि शेवटी सीलरचे दोन थर देऊन ते सगळं उसनं म्हातारपण आत बंद करून टाकायचा. लोक खूश होत. पन्नास वर्षांचं अंगण आठ-दहा दिवसांत मिळालं तर कोण नाही म्हणेल?

पण एवढं कुणालाही जमतं. खरी मेख झिजेत असते. अंगण सगळीकडे सारखं झिजत नाही. माणसं ठरलेल्या वाटेने जातात, ठरलेल्या जागी वळतात, नळापाशी उभी राहतात. म्हणून झीज कुठे द्यायची आणि किती, हे ज्याला कळलं त्याचीच फरशी जुनी दिसते. बाकीच्यांची नुसती मळकी दिसते.

फरशीवाल्याच्या वस्तादाने त्याला एक युक्ती शिकवली होती. 'माणसं चालली असतील' असा विचार करायचाच नाही. एकच माणूस डोळ्यांपुढे धरायचा. त्याचं पाऊल किती लांब पडतं, टाच कुठली जड, वळताना कुठल्या पायावर वळतो. मग हात आपोआप बरोबर जागी जातो. वस्ताद स्वतःच्या वडिलांची चाल धरायचा, आणि वडील जाऊन त्याला जमाना झाला होता. फरशीवाला आईची धरायचा. तिलाही जाऊन बारा वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाचीच चाल का, असं याने कधी विचारलं नाही आणि वस्तादानेही कधी सांगितलं नाही. काही गोष्टी आपण करतो त्या आधीच्याने केल्या म्हणून.

या खेपेला मात्र आईची चाल बसेना.

२

घरमालकीण एकटी राहणारी, शाळेत शिकवणारी बाई. तिची आई पार थकली होती आणि आता लेकीकडे कायमची यायची होती. आजींना अलीकडच्या गोष्टी आठवत नव्हत्या. नवी जागा दिसली की घाबरायच्या, रडायच्या, घरी न्या म्हणायच्या. त्यांच्या जुन्या घरामागे असंच एक अंगण होतं, आणि त्या अंगणात त्यांचं आयुष्य गेलं होतं. लेकीच्या मनात आलं, निदान अंगण तरी ओळखीचं वाटू दे. तिने फरशीवाल्याला सगळं दाखवलं. मागच्या दारापासून नळ, नळापासून कपडे वाळत घालायची दोरी, दोरीपासून गल्लीचं फाटक. आई या वाटेने चालायची, म्हणाली. आणि डावा पाय जरा ओढायची.

आता फरशीवाल्याची आई तरातरा चालणारी. पाय ओढणं तिला ठाऊक नव्हतं. दोन दिवस त्याने खटपट केली, पण हात चाचरत होता. आणि त्याच्या घरात तर डावा पाय ओढणारं माणूस रोज सकाळी त्याच्यासमोरून जात होतं! तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्याने बायकोला स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत जाताना नीट पाहून घेतलं. उजवं पाऊल जड, मग डावं घसटत. वळताना उजव्या टाचेवर. ती म्हणाली, काय बघताय असे, मला काय शिंगं फुटलीत? तो हसला आणि कामावर गेला. दुपारपर्यंत ती सगळी वाट फरशीवर उतरली, इतकी झकास, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

त्या आठवड्यात आभाळ एकदाही उघडलं नाही. पाऊसही नाही आणि ऊनही नाही. तीन बाजूंनी उंच भिंती, त्यामुळे अंगणात दिवसभर संध्याकाळ झाल्यासारखा उजेड. अशा हवेत फरशी लवकर सुकत नाही. ती सुकली की नाही हे बघायला फरशीवाले प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतून घाम दिसला तर अजून ओल आहे. ओलीवर सीलर द्यायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. आत राहिलेलं मग बाहेर येत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने कागद पाहिले. भिंतीकडचा कोरडा. मधला कोरडा. वाटेवरच्या कागदाच्या आत मात्र घाम होता, आणि तो पसरलेला नव्हता. एका पावलाएवढ्या जागेत होता. शेजारी दुसऱ्या पावलाची नुसती रेघ.

तिथे जास्त घासलंय, म्हणून पाणी जास्त मुरलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. आणि ते पटण्यासारखं होतंच. एक दिवस थांबायला हवं होतं. पण तेवढ्यात घरमालकीण बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. आई दहाव्या नाही, सातव्याच दिवशी येतेय, म्हणाली. तोवर होईल ना, दादा?

होईल म्हणाला तो. आणि दुपारी त्याने पहिला थर दिला.

३

फरशीवाल्याची बायको दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली होती. चार दिवस तिने डोळे उघडले नव्हते. ते चार दिवस तो दवाखान्याच्या बाकावर बसून होता, आणि ती उठली नाही तर आपण घरी जाऊन कुलूप तरी कशाला उघडायचं, एवढाच विचार करत होता. मूलबाळ नव्हतं, भाऊबंद नव्हते. होती ती एवढीच, नाकावर राग असलेली बाई. पाचव्या दिवशी तिने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, "दाढी करा आधी." तो बाहेर जाऊन ओक्साबोक्शी रडला होता. पाय राहिला तो तेवढा ओढका राहिला. चालायचंच, जिवावरचं पायावर निभावलं म्हणून दोघांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

पहिला थर दिला त्या संध्याकाळी तो घरी आला तर ती दारातच उभी. पाय दुखत नाही आज, म्हणाली. अजिबात नाही. बघा. आणि ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवत गेली. सरळ, हलकी. त्याला इतका आनंद झाला की त्याने तिला दोनदा परत चालायला लावलं.

जेवताना मात्र त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. ती पाणी आणायला उठली, परत आली, पुन्हा उठली. आणि मग त्याला कळलं. घर फार शांत झालं होतं. दोन वर्षं तो तिच्या पायाच्या आवाजावरून ती कुठे आहे ते सांगू शकायचा. आज ती पाठीमागे येऊन उभी राहीपर्यंत पत्ताच लागत नव्हता.

बरा झालेला पाय वाजेल कशाला, असं म्हणून त्याने तो विचार झटकून टाकला.

४

पाचव्या दिवशी त्याने फरशीवर पाणी शिंपडलं. थर नीट बसला असला की पाणी मुरत नाही, थेंब टपोरे होऊन उभे राहतात. सगळीकडे थेंब उभे राहिले. वाटेवर मात्र ते घरंगळले आणि एका जागी जमा झाले.

त्याने अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवली आणि खाली वाकून पाहिलं. पट्टीखालून बोटाचं नख जाईल एवढा खळगा. त्याने स्वतः दिली होती ती झीज याच्या निम्मीसुद्धा नव्हती. मग त्याने थरावरून हात फिरवला. थर अखंड होता. कुठे ओरखडा नाही, कुठे पापुद्रा नाही. वरून काहीही घासलं गेलं असतं तर आधी थर गेला असता. हे तर खालून झिजलं होतं.

आपलंच माप चुकलं असणार, असं त्याने ठरवून टाकलं. चष्मा बदलायला झालाय, बायको सहा महिन्यांपासून सांगतेय. तरी त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि खळगा किती खोल आहे ते भिंतीवर लिहून ठेवलं.

सहाव्या दिवशी सकाळी तो दुप्पट झाला होता.

आणि दोरीच्या टोकाला, भिंतीलगत, जिथे त्याने ब्रशसुद्धा टेकवला नव्हता, तिथे दोन नवे खळगे होते. शेजारी शेजारी, भिंतीला पाठ करून कुणी उभं राहावं तसे. उजवा खोल, डावा अगदी उथळ. सगळा भार उजव्यावर. तिथून फाटकावरून बाहेरची गल्ली दिसत होती.

फरशीवाल्याला उशीर झाला की त्याची बायको खिडकीत याच पद्धतीने उभी राहायची. डाव्या पायाची फक्त बोटं टेकवून.

घरमालकीण चहा घेऊन आली तेव्हा त्याने विचारलं, इथे कुणी येऊन गेलं का. नाही, म्हणाली ती, फाटकाला तर कुलूप आहे. मग म्हणाली की काल दुपारी तिलाही वाटलं होतं. आत वह्या तपासत होती, तर बाहेर कुणीतरी पाय ओढत चालल्याचा आवाज आला. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हीच काहीतरी घासताय.

काल दुपारी तो सीलरचे डबे आणायला बाजारात गेला होता. त्याने चहा तसाच खाली ठेवला.

५

त्या दिवशी तो लवकर घरी गेला. बायको सोफ्यावर बसून मटार सोलत होती. त्याने मातीने माखलेले बूट दारात काढले नाहीत. तसाच आत आला, पुसलेल्या लादीवर बूट उमटवत आला आणि थेट पलंगावर जाऊन बसला. बूट चादरीवर.

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. या गुन्ह्यासाठी त्याला निदान अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि पुढचे चार दिवस येता-जाता टोमणे. तो वाट बघत बसला. जिवाचा कान करून वाट बघत बसला.

ती उठली, हसली, आणि ओलं फडकं घेऊन लादी पुसायला लागली.

"अगं, बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू?" तिने विचारलं. अगदी साधं, मनापासून विचारलं.

त्याला भडभडून आलं. तिला सोफ्यावर बसवून त्याने तिचे पाय मांडीवर घेतले. तिच्या टाचांना कायम भेगा असायच्या. त्यांत मळ बसायचा म्हणून ती वैतागायची, त्याच्याकडून मलम मागवायची आणि लावायला विसरायची. आता एकही भेग नव्हती. डाव्या घोट्यावरचा टाक्यांचा व्रणही नव्हता. तळवे खोक्यातून काढलेल्या फरशीसारखे सपाट, कोरे, आणि गार होते.

त्याने विचारलं, जिन्यावरून पडलीस ते आठवतं का तुला? ती आठवायचा प्रयत्न करत राहिली. मग म्हणाली, मी कुठे पडले? आणि पुन्हा मटार सोलायला लागली. खिडकीबाहेर अजून उजेड होता, रस्त्यावर गाड्या जात होत्या, वरच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं. सगळं रोजच्यासारखंच होतं.

६

सातव्या दिवशी तो ग्राइंडर घेऊन गेला. घरमालकीण आईला आणायला सकाळीच निघाली होती, फाटकाची किल्ली त्याच्याकडे होती. त्याने रात्रभर एकच ठरवलं होतं. ती वाट आपण काढली, आपणच घासून टाकायची. थरासकट. फरशी पुन्हा सपाट करायची आणि घरमालकिणीचे पाय धरून माफी मागायची. डोकं म्हणत होतं की तू वेडा झालायस, बायकोला डॉक्टरकडे ने. डोकं म्हणत होतं ते खरं असेलही. पण डॉक्टरला काय सांगणार? बायको भांडत नाही म्हणून?

भिंतीलगतच्या दोन खळग्यांपासून सुरुवात करायची म्हणून तो उकिडवा बसला. यंत्र चालू केलं. चकती उथळ खळग्याच्या कडेला टेकवली, न टेकवली.

"स्सऽऽ"

त्याने चटकन यंत्र उचललं. बंद केलं. अंगणात कुणी नव्हतं. वाळत घालायच्या दोरीवर दोन चिमटे होते, नळ थेंब थेंब गळत होता. दातांतून श्वास आत ओढल्याचा आवाज होता तो. पाय दुखला की बायको करायची तसा.

चकती करकरली असेल. त्याने घाम पुसला, पुन्हा यंत्र चालू केलं, पुन्हा टेकवलं, अगदी हलकेच.

या वेळी आवाज त्याच्या डोक्याच्या जरा वरून आला. आणि वाकलेल्या नजरेच्या कडेला, चकतीपासून दोन बोटांवर, त्याला टाच दिसली. भेगाळलेली. भेगांत काळपट भुकटी बसलेली. घोट्यावर टाक्यांचा व्रण. ती टाच हळूच मागे सरकली, दुखऱ्या पायाला कुणी धक्का लावेल म्हणून सरकावी तशी.

त्याने मान वर केली नाही. करवली नाही. बराच वेळ तो नुसता बसून राहिला, आणि मग त्याने बघितलं तेव्हा भिंत होती आणि फरशी होती. त्याने ग्राइंडरची वायर गुंडाळली. ती तीनदा सुटली. घासणं त्याच्याच्याने होणार नव्हतं.

७

दुपारी आजी आल्या. लेकीच्या खांद्याला धरून मागच्या दारात उभ्या राहिल्या, अंगणभर नजर फिरवली, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की घरमालकिणीला रडूच फुटलं. आपलंच अंगण हे, आजी म्हणाल्या. नळ तिथेच आहे, दोरी तिथेच आहे. लेकीने खुर्ची आणून दिली, त्यांना बसवलं, आणि फरशीवाल्याचे दोन्ही हात हातात घेतले. किती उपकार झाले तुमचे, म्हणाली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती चहा ठेवायला आत गेली.

फरशीवाला डबे गोळा करत होता. आजी भिंतीकडे बघून मान डोलवत होत्या, मध्येच हं हं म्हणत होत्या.

"अरे, हिला बसायला दे ना काहीतरी," त्या एकाएकी म्हणाल्या. "पाय दुखतोय तिचा."

त्याच्या हातातला डबा खाली ठेवायला त्याला फार वेळ लागला. म्हाताऱ्या माणसांना दिसतात नसलेली माणसं, घरमालकिणीने आधीच सांगून ठेवलं होतं. लक्ष देऊ नका, म्हणाली होती.

"काय म्हणते ती, आजी?" त्याने विचारलं.

"रागावलीय," आजी म्हणाल्या. "म्हणते, तीन दिवस हा रोज येतो, माझ्यासमोरून जातो, आणि संध्याकाळी एकटाच घरी निघून जातो. मला नेत नाही."

सकाळी घरातून निघताना बायकोने त्याला चहा दिला होता. हसून दिला होता. आत्ता ती घरी सोफ्यावर बसली असेल, आणि तो किती वाजता आला, आला की नाही, याने तिला काही फरक पडणार नव्हता. इतके दिवस तो कुणाच्या हातचा चहा पीत होता, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो पुरा होऊ दिला नाही.

तो भिंतीपाशी गेला. दोन खळग्यांसमोर उभा राहिला. लाज, भीती सगळं बाजूला सारून म्हणाला, "चुकलो गं मी. चल. घरी चल."

आणि पाठ फिरवून फाटकाकडे चालू लागला. अगदी सावकाश, तिच्या पायाला जमेल तसा. तीन पावलं झाली, चार झाली. मागून आवाज आला. एक जड पाऊल, मग एक घसटत. पुन्हा जड, पुन्हा घसटत. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दोन वर्षं ऐकलेला तो आवाज, त्याला वाटलं, आता जन्मभर ऐकत बसेन. त्याने फाटक उघडलं, मागे न बघता बाहेर गल्लीत पाऊल ठेवलं आणि तिच्यासाठी बाजूला सरला.

आवाज थांबला.

तो वाट बघत राहिला. मग फाटकाच्या आतून, अगदी हाताच्या अंतरावरून, काहीतरी घसटलं. पुढे आलं, मागे गेलं. पुन्हा पुढे आलं. त्याने खाली पाहिलं. फरशीची शेवटची ओळ फाटकाच्या उंबऱ्याशी संपत होती. पुढे सगळी गल्लीची माती होती. आणि त्या शेवटच्या फरशीवर, चकचकीत अखंड थराच्या खाली, त्याच्या डोळ्यांदेखत दोन खळगे उतरत चालले होते. उजवा खोल, डावा उथळ.

घरमालकीण चहा घेऊन बाहेर आली. तो गल्लीत, मातीतच उकिडवा बसलेला तिला दिसला. काही राहिलंय का काम, तिने काळजीने विचारलं.

हो, म्हणाला तो, थोडं राहिलंय. आणि गल्ली, पुढचा रस्ता, पूल, चढण असं करत इथून घरापर्यंत किती फरश्या लागतील ते तो बोटांवर मोजू लागला.